नाद आणि नोंद

मराठीत 'नाद' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक आवाज आणि दुसरा वेड. उर्दूतल्या 'धुन' या शब्दाचेही तसेच आहे. गाण्याच्या चालीला धुन म्हणतात आणि एखादी गोष्ट माणसाच्या डोक्यात घर करून बसली तर तिलाही धुनच म्हणतात. संगीत आणि वेड यांचे नाते दोन्ही भाषांना ठाऊक आहे. मात्र या वेडाचा एक प्रकार असा आहे, की ज्याचे कौतुक ना मराठीत झाले ना उर्दूत. गाणे ऐकून माना डोलावणारे पुष्कळ असतात. पण हे गाणे कोणी लिहिले, चाल कोणाची, तबकडी कोणत्या सालची, याच्या नोंदी वहीत करून ठेवणारे थोडे. घरचे लोक त्यांना रिकामटेकडे म्हणतात, मित्र कंटाळतात, आणि खरे रसिक त्यांना कारकून समजतात.

माझे म्हणणे असे आहे की आपल्याकडच्या संगीताचा इतिहास बऱ्याच अंशी या कारकुनांनीच वाचवला. मराठी मुसलमानांना तर त्यांचे ऋण विशेष मानावे लागेल. कारण जिथे नोंद नसते, तिथे आपल्याविषयी दोनच गोष्टी बोलल्या जातात. बाहेरचे म्हणतात, तुमचे यात काही नाही. आणि आपले म्हणतात, सगळे आपलेच आहे. दोन्ही खोटे आहे हे सांगायला वही लागते.

बीड तालुक्यातील नारायणगड हे वारकऱ्यांचे जुने स्थान. नगद नारायण महाराजांच्या या गडाला लोक धाकटी पंढरी म्हणतात. आमचे गाव याच परिसरातले. भजनाला बसणाऱ्यांच्या घरी अभंगांची हाताने लिहिलेली बाडे असत आणि आमच्या घरांत नआत-ग़ज़लांच्या बयाज़ असत. बाड आणि बयाज़ दोन्ही वह्याच. लिपी तेवढी वेगळी. या दोन्हींत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे नाव. अभंगाच्या शेवटी संताची नाममुद्रा येते आणि ग़ज़लेच्या मक्त्यात शायराचा तख़ल्लुस येतो. रचना तोंडोतोंडी फिरणार, कागद राहील न राहील, म्हणून रचणाऱ्याने आपले नाव शब्दांतच गुंफून ठेवले. छापखाना नसलेल्या काळात यापेक्षा पक्की नोंद दुसरी नव्हती.

त्यापुढची पायरी म्हणजे कवींच्या याद्या करणे. उर्दूत याला तज़किरा म्हणतात. आपल्या मराठवाड्यात ही परंपरा चांगली रुजली होती. औरंगाबादचे (आजचे छत्रपती संभाजीनगर) लछमी नारायण शफ़ीक़ यांनी 'चमनिस्तान-ए-शुअरा' हा उर्दू शायरांचा तज़किरा फारसीत लिहिला, तो हिजरी ११७५ म्हणजे इसवी सन १७६१-६२ मध्ये. शफ़ीक़ हे हिंदू खत्री. त्यांचे उस्ताद गुलाम अली आज़ाद बिलग्रामी खुलताबादला दफन आहेत. आणि १७६२ सालीच राहुरी तालुक्यातील ताहराबादच्या महिपतींनी 'भक्तविजय' पूर्ण केला. त्यात त्यांनी कबीर घेतले आणि श्रीगोंद्याचे शेख महंमदही घेतले. एक हिंदू माणूस मुसलमान शायरांची नोंद ठेवतो आणि त्याच सुमारास शंभर-सव्वाशे किलोमीटरवर दुसरा हिंदू माणूस मुसलमान संताचे चरित्र मराठीत नोंदवतो. दोघांनाही माणसे गोळा करण्याचा नाद होता. तो नसता तर त्यातली किती नावे आज आपल्यापर्यंत पोचली असती?

आता तबकडीच्या काळाकडे येऊ. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात आले आणि गौहर जान यांचे गाणे त्यांनी मुद्रित केले. तबकडीवर जेमतेम तीन मिनिटांची जागा होती. त्या तीन मिनिटांत राग बसवायचा आणि शेवटी काही क्षण राखून इंग्रजीत आपले नाव सांगायचे, असे गौहर जान करीत. याचे कारण व्यवहारी होते. मूळ मुद्रण जर्मनीत हॅनोव्हरला जाई आणि तिथे तबकड्या छापल्या जात. तिथल्या कारागिरांना ही भाषा कळत नसे. लेबलावर कोणाचे नाव घालायचे हे त्यांना कळावे म्हणून गायिकेने स्वतःच ते बोलून ठेवायचे. कारण कोणतेही असो, परिणाम नाममुद्रेसारखाच झाला. शंभरावर वर्षे लोटली तरी ती तबकडी ऐकताना कोण गाते आहे हे विचारावे लागत नाही.

इथे मिरजेच्या अब्दुल करीम ख़ाँसाहेबांचा उल्लेख केलाच पाहिजे. आपले जुने उस्ताद म्हणजे गळ्याचे धनी पण शास्त्राला पारखे, अशी एक समजूत पूर्वीपासून पसरलेली आहे. आपल्यातलेही काही लोक ती मान्य करतात. वस्तुस्थिती काय होती? सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल हे श्रुतींची मोजणी करण्याच्या नादाला लागले होते. स्वर कुठे लागतो हे तारेच्या लांबीवरून मोजायचे, तर तो स्वर तसूभरही न हलता लावणारा गळा हवा. तो ख़ाँसाहेबांनी दिला. राग गाऊन दाखवायचा, थांबायचे, पुन्हा तोच स्वर लावायचा आणि समोरच्याने आकडा मांडायचा. देवलांचे बावीस श्रुतींवरचे इंग्रजी पुस्तक १९१० साली निघाले. इ. क्लेमंट्स हे इंग्रज न्यायाधीशही या उद्योगात सामील होते. पुढे १९१३ मध्ये ख़ाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. एक मुसलमान गवई, एक ब्राह्मण सरकारी अधिकारी आणि एक इंग्रज न्यायाधीश तारेच्या लांबीसाठी डोके जुळवून बसतात, हे दृश्य आपल्या संगीताच्या इतिहासात ठळक असायला हवे होते. १९३७ मध्ये ख़ाँसाहेब वारले आणि मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात त्यांचे दफन झाले. झिंझोटीतल्या त्यांच्या ठुमरीची तबकडी ऐकून गदगचे एक पोर गाणे शिकण्यासाठी घर सोडून निघाले. ते पोर म्हणजे भीमसेन जोशी.

बोलपट आले आणि नावाची ही जुनी रीत मोडली. चित्रपटगीताला नाममुद्रा नसते. कवी आपले नाव गाण्यात गुंफत नाही आणि गायिका शेवटी नाव सांगत नाही. सुरुवातीला तर तबकडीवरही पात्राचे नाव असे. १९४९ च्या 'महल' चित्रपटातील गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून 'कामिनी' असे छापलेले होते. कामिनी ही चित्रपटातली नायिका. गाणे रेडिओवर वाजू लागले तसे श्रोते पत्रे लिहून विचारू लागले, की हा आवाज नेमका कोणाचा? शेवटी कंपनीकडून नाव कळवले गेले, लता मंगेशकर. पोस्टकार्ड लिहून नाव विचारणारे हे श्रोते कोण होते? आपण ज्यांना रिकामटेकडे म्हणतो तेच.

या श्रोत्यांना पुढे घर मिळाले ते सिलोनला. १९५२ पासून १९६२ पर्यंत बा. वि. केसकर हे केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री होते. चित्रपटगीतांविषयी त्यांचे मत प्रतिकूल होते आणि आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ नाहीशी झाली. श्रोत्यांनी रेडिओची सुई कोलंबोकडे वळवली. तिथे दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी उभारलेले शक्तिशाली प्रक्षेपक होते. त्यांच्या लहरी शॉर्टवेव्हवरून सबंध हिंदुस्थानात ऐकू येत. ३ डिसेंबर १९५२ रोजी रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. अमीन सयानी तेव्हा वीस वर्षांचेही पुरते झाले नव्हते. पुढे बुधवारी रात्री आठ ही वेळ घरोघरी पाठ झाली. वर्षभरात आठवड्याला पासष्ट हजार पत्रे येऊ लागली असे ते सांगत. बिहारातले, म्हणजे आजच्या झारखंडातले, झुमरी तलैया हे अभ्रकाच्या खाणींचे गाव देशाला माहीत झाले ते तिथल्या श्रोत्यांच्या फर्माइशींमुळे. गावोगाव श्रोता संघ निघाले. ते दर आठवड्याची क्रमवारी वहीत उतरवून ठेवत.

अमीन सयानी यांच्या साध्या, सर्वांना कळणाऱ्या हिंदुस्तानीचे कौतुक सगळेच करतात. ती आली कुठून हे मात्र फारसे सांगितले जात नाही. त्यांच्या आई कुलसुम सयानी या प्रौढ साक्षरतेचे काम करीत. गांधीजींच्या प्रेरणेने त्यांनी 'रहबर' नावाचे पाक्षिक १९४० ते १९६० अशी वीस वर्षे चालवले. भाषा एकच, पण छपाई देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत. लहानपणी अमीनभाई या कामात आईला मदत करीत. तीन लिप्यांचा हा धडा घरात गिरवलेला मुलगा पुढे मायक्रोफोनसमोर बसला तेव्हा लिपीचा प्रश्नच उरला नाही. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणारी आणि मराठीत लिहिणारी मी, मला या पाक्षिकाची हकीकत कळली तेव्हा आपल्याच खानदानातला एक बुज़ुर्ग सापडल्यासारखे वाटले. अमीनभाई २० फेब्रुवारी २०२४ रोजी गेले.

वह्या भरणाऱ्यांचे सर्वांत मोठे काम मात्र पुढे आहे, आणि ते आपल्या लाडक्या रफीसाहेबांशी संबंधित आहे. गिनीज बुकाच्या १९७४ च्या आवृत्तीत असे छापून आले, की लता मंगेशकर यांनी १९४८ ते १९७४ या काळात वीस भाषांत किमान पंचवीस हजार गाणी मुद्रित केली. मोहम्मद रफी यांना हे पटले नाही. १९७७ मध्ये आणि पुन्हा १९७९ मध्ये त्यांनी गिनीजला पत्रे लिहिली. ३१ जुलै १९८० रोजी ते गेले. नंतरच्या आवृत्तीत लताबाईंच्या नोंदीशेजारी रफींचा अठ्ठावीस हजार गाण्यांचा दावाही छापला गेला. गल्लीबोळांत, पानाच्या ठेल्यांवर, उरुसाच्या रात्री यावर वाद झाले. आपल्याकडे हा आकडा गाण्याचा राहिलाच नाही, तो इज्जतीचा झाला. रफी मोठे की लता मोठ्या, याच्या आडून लोक भलतेच काही बोलत होते.

या गोंगाटात कानपूरला एक शीख गृहस्थ बँकेची नोकरी सांभाळून शांतपणे मोजत बसले होते. हरमंदिर सिंह 'हमराज़' हे त्यांचे नाव. प्रत्येक हिंदी बोलपट, त्यातले प्रत्येक गाणे, गायक, गीतकार, संगीतकार आणि तबकडीचा क्रमांक, असा 'हिंदी फिल्म गीत कोश' त्यांनी दशकवार रचला. १९५१ ते १९६० चा खंड १९८० मध्ये निघाला आणि मग एकामागून एक इतर दशकांचे. प्रकाशनही कुटुंबानेच केले. गावोगावचे वहीवाले त्यांना माहिती पाठवत राहिले. मुंबईत विश्वास नेरूरकरांनी लताबाईंच्या गाण्यांची तपशीलवार सूची केली. १९९० मध्ये मुंबईतच सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही तबकडी-संग्राहकांची संस्था उभी राहिली. तिचे काम वाहणारे सुरेश चांदवणकर हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले भौतिकशास्त्रज्ञ.

कोश हाती आल्यावर शाळेतल्या मुलालाही हिशेब करता येतो. १९४८ ते १९७४ या काळात वर्षाला साधारण एकशे पंधरा हिंदी चित्रपट निघत. सव्वीस वर्षांचे तीन हजार धरा. चित्रपटाला सात-आठ गाणी. म्हणजे सगळ्या गायकांची मिळून हिंदी गाणी होतात एकवीस ते चोवीस हजार. मग एका गळ्यातून पंचवीस हजार येणार कुठून? इतर भाषा धरल्या तरी, लताबाईंची बहुतेक गाणी हिंदीतलीच, हे विसरता येत नाही. याद्या पुऱ्या होत गेल्या तसे आकडे खाली आले. लताबाईंची हिंदी चित्रपटगीते पाच हजारांच्या आसपास भरली. रफीसाहेबांची सुमारे साडेचार हजार, आणि इतर भाषांतली व गैरफिल्मी धरून पाच हजारांच्या जवळपास. १९९१ मध्ये गिनीजने दोन्ही नोंदी काढून टाकल्या. पुढे २०११ मध्ये आशा भोसले यांची नोंद झाली ती अकरा हजारांपर्यंतच्या आकड्याने.

काहींना वाटेल की यात रफीसाहेब लहान झाले. मला उलट वाटते. अठ्ठावीस हजार हा नुसता आवाज आहे. त्यातले गाणे दाखवता येत नाही. साडेचार हजारांतले प्रत्येक गाणे दाखवता येते, साल सांगता येते, सोबत कोण होते ते सांगता येते. ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्याविषयी खरे तेवढेच सांगणे, ही अदब आहे. आणि खरे सांगायचे तर आपल्या रफीसाहेबांना खोट्या आकड्याची गरज कधीच नव्हती.

वही आणखी एक काम करते. 'बैजू बावरा' (१९५२) मधली भक्तिगीते लिहिणारे शकील बदायुनी, चाल देणारे नौशाद आणि गाणारे रफी, हे आपण अभिमानाने सांगतो. सांगावेच. पण 'अल हिलाल' (१९५८) मधली इस्माईल आझाद यांची कव्वाली, जी आपल्या लग्नांत अजून वाजते, तिचे शब्द शेवन रिज़वी यांचे आणि संगीत बुलो सी. रानी या सिंधी हिंदूचे आहे, हे किती जण सांगतात? एक रकाना भरला की अभिमान वाढतो, शेजारचा भरला की अहंकार उतरतो. म्हणून सगळे रकाने भरायचे.

थोडे स्वतःविषयी. माझे तरुणपण कॅसेटच्या अखेरच्या दिवसांत गेले. बीडला शहेनशाहवली दर्ग्याच्या उरुसात कव्वालीच्या कॅसेटी मिळत. मामूंच्या टेपवर अज़ीज़ नाज़ाँ, युसुफ़ आझाद, नुसरत फ़तेह अली ख़ाँ आणि रफी हे सगळे एका खोलीत नांदत. मी दोनशे पानी वहीत रकाने आखले होते. गाणे, गायक, शायर, संगीतकार, साल. कॅसेटवर कव्वालाचे नाव मोठे असे, शायराचे कित्येकदा नसेच. मूळ गाण्याच्या नावाखाली भलत्याच गायकाने गायलेली नक्कलही विकली जाई. असे रिकामे रकाने मला झोपू देत नसत. फिती किती लांबीची हेही मी काढले होते. सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या वेगाने तीस मिनिटांची बाजू म्हणजे सुमारे शहाऐंशी मीटर. अम्मी म्हणायच्या, "अगं, मुलगी आहेस की तलाठी?" घरात हशा पिकायचा. मग डी.एड., बी.एड., नोकरी, संसार. वही ट्रंकेत गेली.

२०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद होत्या तेव्हा ती ट्रंक उघडली. काही फिती चिकटल्या होत्या, काही पेन्सिलीने फिरवून चालू झाल्या. गाणी कानांवर पडली तशी ती विशी परत आली हे खरे. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते रिकामे रकाने पुन्हा डोळ्यांसमोर आले. कव्वाली ही मुळात वीस-पंचवीस मिनिटांनी रंगणारी चीज. तबकडीने तिला तीन मिनिटांत कोंबले आणि कॅसेटने तिला पुन्हा पाय पसरायला जागा दिली. तरुणपणी नुसते ऐकलेले, आता वहीमुळे असे समजू लागले. शेवन रिज़वी आणि बुलो सी. रानी ही नावे मी त्या वेळी त्या वहीत भरली. तेव्हापासून ती टेबलावर उघडीच असते. कोणी विचारले तर सांगते की हा माझा नाद आहे.

हा केवळ हौसेचा प्रश्न नाही. नावावर भाकरी अवलंबून असते. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि गीतकार-संगीतकारांना त्यांच्या गाण्याच्या वापरातून मिळणारा वाटा कायद्याने राखला गेला. राज्यसभेत जावेद अख़्तर यांनी त्यासाठी खटपट केली. पण वाटा नावावर मिळतो; नावच नोंदलेले नसेल तर कायदा कोणाला देणार? आज मोबाइलवर गाणे लावले की गायक आणि चित्रपटाचे चित्र दिसते. कवी बहुधा शोधावा लागतो. पात्राचे नाव छापणाऱ्या १९४९ च्या तबकडीपासून आपण फार पुढे आलो आहोत असे म्हणवत नाही.

आणि हे झाले मुंबईच्या गाण्यांचे. आपल्या जिल्ह्यांतल्या उरुसांत गाऊन गेलेले कव्वाल, लग्नात ढोलक घेऊन बसणाऱ्या बायका, मोहर्रमचे मर्सिये म्हणणारे, भजनात पखवाजाला बसणारे मुसलमान वादक, यांची नोंद कोणाच्या कोशात आहे? हमराज़ कानपूरला बसून हे करू शकत नव्हते. बार्शीच्या मेहबूब हुसेन पटेल यांना महाराष्ट्र शाहीर अमर शेख म्हणून ओळखतो. पण त्यांच्यामागे गावोगाव जे गाऊन गेले त्यांचे काय? ही माणसे म्हातारी होत आहेत. त्यांच्या गाण्यांना ना लेबल आहे ना क्रमांक.

म्हणून वाचकांना एक विनंती. आपल्या घरात, मोहल्ल्यात जे गायले जाते त्याची एक वही करा. उर्दूत करा, मराठीत करा, 'रहबर'सारखी दोन्ही लिप्यांत केली तर फारच उत्तम. रकाने पाचच पुरेत. गाण्याचे पहिले शब्द, गाणाऱ्याचे नाव, ते कोणाकडून शिकले, गाव आणि तारीख. माझ्या वर्गातल्या मुलींना मी सुट्टीत आजीकडून एक तरी गाणे असे लिहून आणायला सांगते. तिसऱ्या रकान्यात बहुतेक वेळा आणखी एका बाईचे नाव येते, जी आता हयात नसते.